ग्वातेमाला : आंतिग्वा, अतित्लान आणि तिकाल, आई-बाबांना घेऊन

अनुजा_ह्यूस्टन

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय.

डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे येतायत आणि नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून ग्वातेमालाला जायचं घाटतंय. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. माया संस्कृतीवरची कात्रणं चिकटवलेली त्यांची एक वही मी शाळेत असल्यापासून घरात आहे. आईचे गुडघे कुरकुरतात आणि ती पक्की शाकाहारी. नवऱ्याला ज्वालामुखी चढायचाय, लेकीला माकडं बघायचीत. तर हे सगळं एका सहलीत कोंबायचंय.

कच्चा आराखडा:

२० डिसेंबर (रविवार) – ह्यूस्टन ते ग्वातेमाला सिटी, लगेच आंतिग्वा
२१ – आंतिग्वा
२२ – चिचिकास्तेनांगोचा बाजार करून पानाहाचेल
२३ – अतित्लान तळं, बोटीने दोन-तीन गावं
२४ – राजधानीत परत, संध्याकाळच्या विमानाने फ्लोरेस
२५ – तिकाल
२६ – याश्हा (तिथलेही माया अवशेष)
२७ – फ्लोरेसहून रस्त्याने कोपान (होंडुरास)
२८ – कोपान
२९ – राजधानी, ३० ला सकाळी विमान

प्रश्न: हे जमण्यासारखं आहे का? गाडी भाड्याने घ्यावी का? कोपान ठेवावं की गाळावं? आणि आईच्या जेवणाचं काय?

उंडगा

व्हिव्ह रिचर्ड्सचं अँटिग्वा ना? मग यादीत एकही समुद्रकिनारा कसा नाही?

रानवाटा

@उंडगा, ते कॅरिबियनमधलं बेट. हे तीन ज्वालामुखींच्या मधलं डोंगरातलं गाव. बॅट घेऊन गेलात तर कस्टमवाला विचारेल, हे काय आणलंय म्हणून.

भटकभवानी

अनुजा, आराखडा कागदावर सुरेख आहे, पण तीन ठिकाणी अडेल.

चिचीचा, म्हणजे चिचिकास्तेनांगोचा, मोठा बाजार गुरुवारी आणि रविवारी भरतो. तुमचा २२ तारखेला मंगळवार आहे. त्या दिवशी जाऊन रिकामे मांडव काय बघायचे?

मग २४ तारीख. पानाहाचेल ते राजधानी हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं, पण चिमाल्तेनांगोला गाड्या तुंबल्या की तासाचे दोन तास कधी होतात कळत नाही. त्यात नाताळची आदली संध्याकाळ, सगळा देश गावी निघालेला. तिथून विमान पकडायचं म्हणजे घरातल्या प्रत्येकाचं रक्तदाब मोजायचं यंत्र सोबत ठेवा.

आणि २७ तारीख. फ्लोरेस ते कोपान रस्त्याने म्हणजे पहाटे निघून रात्री पोचणं, वर मध्ये सरहद्द ओलांडायची. तरुणांनी करावं. आईंच्या गुडघ्यांना एवढा वेळ एका जागी घडी घालून बसवू नका.

माझं ऐकाल तर अख्खं उलटं करा. आधी पेतेन, म्हणजे फ्लोरेस-तिकालकडचं जंगल, मग डोंगर. २० ला राजधानीत विमानतळाजवळच झोपा, २१ ला सकाळच्या विमानाने फ्लोरेस, तासाभराची उडी आहे. २४ ला परत उडून आंतिग्वा. मग २६ ला तळ्यावर, आणि २७ ला रविवार येतोच, तेव्हा चिची. पानाहाचेलहून ते जवळच आहे. जंगलातलं चालणं सगळे ताजेतवाने असताना उरकतं आणि शेवटी तळ्याकाठी पाय पसरता येतात.

गपगुमान

भवानीताईंना अनुमोदन. वाचनखूण साठवली.

खडूस_मास्तर

सगळं मान्य, फक्त कोपान गाळायला माझा ठाम विरोध. ज्या माणसाने आयुष्यभर कात्रणं चिकटवली त्याला होंडुरासच्या वेशीपर्यंत नेऊन परत फिरवणार?

तिकाल म्हणजे उंची. पहिलं मंदिर ४७ मीटर, चौथं त्याहून कितीतरी उंच. पण तिथला दगड चुनखडीचा, पावसापाण्याने शिलालेख बरेच झिजलेत. कोपानला ज्वालामुखीच्या राखेचा दगड. कोरायला मऊ, त्यामुळे तिथल्या कारागिराने राजाची मूर्ती जवळजवळ सुटी काढलीय, कमरेच्या पट्ट्यावरचे मुखवटेसुद्धा मोजता येतात. 'क्यू' वेदीवर चार बाजूंना चार-चार असे सोळा राजे ओळीने बसलेत. पहिला राजा सोळाव्याच्या हातात राजचिन्ह देतोय, मध्ये साडेतीनशे वर्षांचं अंतर आहे हे विसरून. ती वेदी ७७६ सालची. आणि अक्षरांचा जिना! दोन हजारांहून जास्त चिन्हं, माया लिपीतला सगळ्यांत लांब लेख. गंमत म्हणजे पायऱ्या ढासळल्या होत्या आणि १९३० च्या दशकात परत बसवताना बऱ्याच क्रम सोडून बसल्या. तेव्हा लिपी वाचताच येत नव्हती, करणार काय? आज वाचता येते, तर वाक्यं तुटलेली.

१८३९ साली स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी आणि कॅथरवूड हा चित्रकार तिथे पोचले आणि स्टीफन्सने ते अख्खं शहर जमीनमालकाकडून ५० डॉलरला घेतलं. मालकाला वाटलं, गिऱ्हाईक खुळं आहे.

रानवाटा

मास्तर, कोपान भारीच आहे, पण प्रश्न चांगलं-वाईट असा नाहीये. पाच माणसं आहेत, त्यात एक दहा-बारा वर्षांची पोर असावी असा अंदाज. राजवंशांच्या यादीपुढे ती किती वेळ उभी राहील?

तिकाल नुसतं अवशेषांचं ठिकाण नाही, ते जंगल आहे. राष्ट्रीय उद्यान पावणेसहाशे चौरस किलोमीटरचं. अंधार असतानाच हाउलर माकडं घसा फाडायला लागतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं बिबळ्या अंगावर येतोय, आणि फांदीवर बघावं तर कुत्र्याएवढं काळं माकड. पिसोते नावाचे लांब नाकाचे प्राणी शेपट्या उभ्या करून कळपाने पायवाट ओलांडतात, माणसाला हिंगही लावत नाहीत. मोरपंखी रंगाच्या रानटर्की तर वाहनतळावरच हिंडत असतात. लेकीचं काम झालं.

आईंसाठी: फाटकापासून मोठ्या चौकापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं सावलीतली पायवाट आहे, मुळं वर आलेली. काठी न्या. पहिल्या मंदिरावर चढायला बंदी आहे. दुसऱ्या आणि चौथ्या मंदिराला बाजूने लाकडी जिने केलेत, ते ज्यांना झेपेल त्यांनी चढावेत. खाली चौकात गवतावर बसलं तरी दोन्ही मंदिरं समोरासमोर दिसतात, काही चुकत नाही.

अनुजा_ह्यूस्टन

भटकभवानी, रविवारच्या बाजाराचं गणित फार आवडलं. सकाळच्या विमानांच्या वेळा बघायला घेतल्या.
रानवाटा, लेक दहाची आहे. 'रानटर्की वाहनतळावर' हे वाचून दाखवलं, तिने आत्ताच बॅग काढलीय.
मास्तर, तुमचा प्रतिसाद बाबांना फोनवर वाचून दाखवला. पलीकडून 'बघ, बघ' एवढंच येत होतं. अडचण वाढवलीत माझी.

बे_एरियाचा_बाब्या

सगळे दगडधोंड्यांत रमलेत म्हणून एक रुक्ष प्रश्न. तुमचे एच-वन-बीचे स्टॅम्प चालू आहेत ना? आम्ही कानकुनला गेलो तेव्हा स्टॅम्प संपलेला होता तरी आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) दाखवून परत आलो. इथेही तसंच चालतं ना? माझाही विचार आहे ग्वातेमालाचा.

पिंपळपान

@बाब्या, थांबा! ती सवलत, म्हणजे ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन, एच-वनवाल्यांना फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. तीस दिवसांच्या आत परत यायचं आणि तिथे नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. ग्वातेमालाची हद्द अमेरिकेला लागून नाही, त्यामुळे संपलेल्या स्टॅम्पवर गेलात तर परतीच्या विमानातच बसू देणार नाहीत. आधी वकिलाशी बोला.

अनुजा, तुमच्याही पाच पासपोर्टांना प्रवेशाचे नियम वेगवेगळे लागू शकतात. लेकीचा अमेरिकन असेल तर तिचं सोपं. बाकीच्यांसाठी ग्वातेमालाच्या वकिलातीला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि छापून जवळ ठेवा, चेक-इनला उपयोगी पडतं. कोपान ठरलंच तर ग्वातेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा यांचा एकत्र करार आहे, मुक्कामाचे नव्वद दिवस चौघांत मिळून मोजतात. तरी सरहद्दीवर पासपोर्ट दाखवावा लागतोच.

बे_एरियाचा_बाब्या

बापरे. तिकिटं काढायच्या बेतात होतो. मग आमच्यासारख्यांनी काय हंपीला जायचं?

भटकभवानी

@बाब्या, मेक्सिकोचं चियापास राज्य करा की. सान क्रिस्तोबाल हे १५२८ मधलं स्पॅनिश वसाहतीचं गाव, बावीसशे मीटर उंचीवर, गार. खाली जंगलात पालेंके, जिथे १९५२ साली मंदिराच्या पोटात पाकाल राजाची कबर सापडली. आणि ग्वातेमालाच्या हद्दीला चिकटून मोंतेबेल्योची रंगीत तळी. गाव, अवशेष, तळी, तिन्ही जमतं. फक्त सान क्रिस्तोबाल ते पालेंके रस्त्यावर गावकरी मधूनच रास्ता रोको करतात, एक दिवस हाताशी ठेवा.

उंडगा

माया लोक कुठे गायब झाले हे कुणीच सांगत नाहीये. मयासुर कनेक्शन अजून कसं आलं नाही धाग्यावर? आणि २०१२ ला जग बुडणार होतं त्याचे पैसे कुणाकडे मागायचे?

खडूस_मास्तर

@उंडगा, इनो घ्या.

२१ डिसेंबर २०१२ ला त्यांच्या मोठ्या कालगणनेतलं तेरावं बाक्तुन पुरं झालं, एवढंच. एक बाक्तुन म्हणजे १,४४,००० दिवस. आपल्याकडे शतक बदललं म्हणून कुणी घर सोडून पळतं का?

आणि गायब वगैरे कुणी झालं नाही. तिकालसारखी दक्षिणेकडची मोठी शहरं नवव्या शतकात ओस पडली. तिकालवरचा शेवटचा तारीखवार स्तंभ ८६९ सालचा. लागोपाठचे दुष्काळ, राजांच्या आपसातल्या लढाया, जंगलतोड, सगळ्यांनी मिळून घात केला. पण माणसं राहिली. ज्या फ्लोरेसमध्ये अनुजा उतरणार आहे ते बेट म्हणजे नोहपेतेन, इत्झा लोकांची राजधानी. ती स्पॅनिशांच्या हाती पडली मार्च १६९७ मध्ये. इकडे शिवाजी महाराजांचं राज्य होऊन गेलं, राजाराम महाराज जिंजीला वेढ्यात होते, तेव्हा तिकडे शेवटचं माया राज्य अजून उभं होतं.

पिंपळपान

आणि आजही. वीसहून जास्त माया भाषा ग्वातेमालात बोलल्या जातात. अतित्लानच्या एका काठाला काक्चिकेल, दुसऱ्या काठाला त्झुतुहिल. १९९२ चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू किचे माया. तिथे जाऊन 'लुप्त संस्कृती' म्हणाल तर हॉटेलात चहा देणारी बाई तुमच्याकडे बघत राहील.

उंडगा

इनो घेतलं. पण शून्य तरी आपणच दिलं ना?

खडूस_मास्तर

आपण दिलं आणि त्यांनीही स्वतंत्रपणे काढलं. त्यांची मांडणी विसाच्या पटीतली, शून्याला शिंपल्यासारखं चिन्ह. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. यावर शंभर प्रतिसादांचा वेगळा धागा काढा, इथे नको.

कोकणी_मेवा

मी एकदम वेगळंच सांगतो. तिकालच्या मंदिरांच्या दारांवरच्या लाकडी तुळया आहेत ना कोरीव, त्या चिकूच्या झाडाच्या. तोच आपला घोलवड-डहाणूचा चिकू! झाड मूळचं तिकडचं. लाकूड एवढं चिवट की बाराशे-तेराशे वर्षं त्या दमट हवेत टिकलं. चौथ्या मंदिरातल्या चांगल्या तुळया एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडला गेल्या, बाझेलच्या संग्रहालयात आहेत. जंगलात चालताना झाडांच्या खोडावर तिरप्या खाचा दिसतील, चीक काढायच्या. च्युइंगमचा चीक पूर्वी यातूनच निघायचा. आमच्या बागेत बाबा झाडाला खिळासुद्धा ठोकू द्यायचे नाहीत, त्यांनी हे पाहिलं असतं तर गाइडशी भांडले असते.

वेलची_केळं

चिकू निघालाच आहे तर वेलदोडाही घ्या. जगात सगळ्यांत जास्त वेलदोडा निर्यात करणारा देश ग्वातेमाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन मळेवाल्याने तिकडे नेला आणि कोबानच्या बाजूच्या ओल्या डोंगरांत असा काही रुजला की आपल्या इडुक्कीवाल्यांची झोप उडाली. पण ते लोक तो खात नाहीत! जवळजवळ सगळा आखाती देशांत जातो, कॉफीत घालायला. कोबानला घरमालकिणीला वेलदोड्याचा चहा करून दिला तर तिने नाक मुरडून कप बाजूला ठेवला. अंगणात तिच्याच पोत्यात तो वाळत होता.

त्याच भागात सेमुक चाम्पेय आहे. नदी खडकाखालून वाहते आणि वर चुनखडीच्या पुलावर हिरव्यानिळ्या पाण्याची कुंडं साठलीत. अनुजा, फार सुंदर आहे, पण लांकीन गावाच्या पुढे पिकअपच्या मागच्या हौद्यात उभं राहून जावं लागतं. आईंना घेऊन नको.

अनुजा_ह्यूस्टन

ठिकाणं वाढत चाललीत, दिवस तेवढेच आहेत! जेवणावर कुणीतरी बोला.

तिखटमीठ

आले. मी शुद्ध शाकाहारी, सासूबाई कांदा-लसूणही न खाणाऱ्या, आणि आम्ही दोघी तिथे नीट जेवलो.

मक्याची तोर्तिया बेधडक खा. मका चुन्याच्या पाण्यात उकळून, धुऊन दळतात, त्यात दुसरं काही नसतं. बायका कोमालवर, म्हणजे मोठ्या मातीच्या तव्यावर, हाताने थापून टाकतात, टोपलीत फडक्यात गुंडाळून गरमागरम येतात. काळ्या घेवड्याची घोटलेली उसळ तिन्ही त्रिकाळ मिळते, पण ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीवर परततात. 'सिन मान्तेका' हे दोन शब्द आईंना पाठ करून ठेवू दे. भात बघून हुरळू नका, कोंबडीच्या रश्शात शिजवलेला असू शकतो. आणि 'सिन कार्ने' म्हटलं तर फक्त गाईडुकराचं मांस वगळतात, कोंबडी येते. 'सिन पोयो' वेगळं सांगायचं.

आंतिग्वात भाज्या घातलेलं पेपियान देणारी ठिकाणं आहेत. भाजलेले तीळ, भोपळ्याच्या बिया, टोमॅटो, सुक्या मिरच्या वाटून केलेला दाट रस्सा. एका घासात आई वाटणाचा हिशेब सांगतील. गोडात रेयेनितोस, पिकल्या केळ्याच्या पारीत गोड काळा घेवडा भरून तळलेले. संध्याकाळी चौकात कोवळ्या मक्याचं गरम आतोल.

तिखट मात्र तिकडे बेताचंच. मिरचीची पूड किंवा लसणाची चटणी पर्समध्ये ठेवा. नळाचं पाणी दात घासायलाही नको.

उंडगा

तिखटमीठ यांचा प्रतिसाद रात्री अकरा वाजता वाचायला नको होता.

निवांत_जोशी

गाडीचं कुणी बोललं नाही. घेऊ नका. रस्त्यात अचानक येणारे उंच गतिरोधक, अंधारात दिवे नसलेले ट्रक, घाटात धुकं, आणि अमेरिकेतल्या जुन्या शाळेच्या बसगाड्या रंगवून केलेल्या तिथल्या 'चिकन बस' तुमच्या अंगावरून ओव्हरटेक करतात. पाच जण आहात, तर हॉटेलाला सांगून सबंध गाडी चालकासकट ठरवा. शटलमध्ये पाच जागांचे पैसे आणि या गाडीचे पैसे यांत फारसा फरक पडत नाही, वर आईंना हवं तिथे थांबता येतं. रात्री रस्त्यावर नको.

सह्यमित्र

ज्वालामुखीचं मी सांगतो, नवरोबांनी वाचावं.

अकातेनांगो ३,९७६ मीटर. पहिल्या दिवशी चढून तळावर मुक्काम, समोर फुएगो हा शेजारचा ज्वालामुखी. तो शांत नसला तर रात्रभर दर थोड्या वेळाने आवाज होतो, तंबूचं कापड थरथरतं आणि लाल दगड उतारावरून घरंगळताना दिसतात. दुसऱ्या पहाटे माथा. डिसेंबरात वर पाणी गोठतं. वाट भुसभुशीत काळ्या वाळूची, दोन पावलं वर, एक खाली. राजगड-तोरणा करणाऱ्याला दमाची अडचण नाही, उंचीची येऊ शकते. म्हणून आल्या आल्या चढू नका, आंतिग्वा पंधराशे मीटरवर आहे, तिथे दोन रात्री काढा.

फुएगोवर जवळ नेतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ३ जून २०१८ च्या उद्रेकात खालचं सान मिगेल लोस लोतेस हे गाव राखेखाली गेलं. इन्सिवुमे ही तिथली सरकारी संस्था रोज पत्रक काढते, आदल्या दिवशी ते बघा.

लेकीला घेऊन जायचं तर पाकाया. अर्ध्या दिवसाचं काम, दमलं तर घोडा मिळतो.

अनुजा_ह्यूस्टन

नवऱ्याने 'रात्रभर आवाज' हा भाग तीनदा वाचला. लेक म्हणते तिला घोडा हवा, ज्वालामुखी नसला तरी चालेल.

तळ्याबद्दलही थोडं सांगाल का? कुठे राहावं?

पिंपळपान

अतित्लान म्हणजे ऐंशी हजार वर्षांपूर्वीच्या आसपास झालेल्या प्रचंड उद्रेकाने पडलेला खड्डा, पाण्याने भरलेला. खोली तीनशे मीटरच्या वर. पलीकडे सान पेद्रो, तोलिमान आणि अतित्लान हे तीन ज्वालामुखी. तळ्यातून बाहेर पडणारी नदी नाही, त्यामुळे पाणी वर्षानुवर्षं चढतं-उतरतं. काठावरच्या बुडालेल्या भिंती आणि पाण्यातून वर आलेले खांब दिसतील. कुणा मालकाने पाण्याच्या कडेलाच बांधायचा मोह केला होता, हे कळतं.

राहायला पानाहाचेल सोयीचं, उतार कमी. सांता क्रूससारख्या ठिकाणी धक्क्यापासून हॉटेलापर्यंत पायऱ्याच पायऱ्या, आईंना नको. सान हुआनला विणकर बायकांच्या सहकारी संस्था आहेत. कापूस पिंजण्यापासून पाला-साली उकळून रंगवण्यापर्यंत सगळं समोर करून दाखवतात. मागाची एक दोरी खांबाला आणि दुसरा पट्टा विणणारीच्या कमरेला, तिने मागे रेललं की ताणा घट्ट होतो. तिथेच घ्या कापड, चिचीत घासाघीस करून डोकं उठतं.

सांतियागोला माशिमोन बघा. लाकडी देव, डोक्यावर दोन टोप्या, गळ्यात रेशमी रुमालांचा ढीग, तोंडात पेटती सिगरेट, सेवेकरी राख झाडतो आणि भक्तांनी आणलेली दारू त्याला पाजतो. दर वर्षी तो एका घरातून दुसऱ्या घरात मुक्काम हलवतो, त्यामुळे धक्क्यावर उतरून विचारावं लागतं. आपल्या म्हसोबाला भेटल्यासारखं वाटलं मला. त्याच गावच्या चर्चमध्ये फादर स्टॅन्ली रॉदर यांची आठवण जपलीय. यादवी चालू असताना १९८१ मध्ये त्यांना तिथेच मारलं. यादवी १९६० ते १९९६ चालली आणि तिची झळ मुख्यतः माया गावांनाच बसली. बाबांना हे आधीच माहीत असेल.

अनुजा_ह्यूस्टन

(मी अनुजाचे वडील लिहीत आहे. तिच्याच खात्यावरून.)

सर्व मंडळींना नमस्कार. आपण सारे इतक्या आस्थेने लिहीत आहात, आभार.

खडूस मास्तरांना एक विचारायचे आहे. कोपानचा राजा अठरा-ससा याला ७३८ साली किरिग्वाच्या मांडलिकाने पकडून ठार केले, आणि मग किरिग्वाने मोठमोठे स्तंभ उभारले, असे माझ्या कात्रणात आहे. मग कोपानऐवजी किरिग्वा पाहिले तर? ते ग्वातेमालाच्या हद्दीतच आहे.

दुसरे, लिपी उलगडण्यात ज्यांचा मोठा वाटा, ते युरी क्नोरोझोव १९५२ मध्ये लेनिनग्राडला बसून लिहीत होते. त्यांना हे अवशेष डोळ्यांनी पाहायला १९९० साल उजाडले. त्या मानाने मी लवकर चाललो आहे. तेव्हा माझ्यासाठी कुणी धावपळ करू नये.

खडूस_मास्तर

काका, नमस्कार! कात्रण बरोबर आहे. किरिग्वाचा 'ई' स्तंभ साडेदहा मीटर लांबीचा अखंड दगड आहे, माया जगात त्याहून उंच नाही. केळीच्या मळ्यांच्या मधोमध सपाट हिरवळीवर सगळे स्तंभ, गवती छपरांखाली. चढउतार शून्य, काकूंनाही सोयीचं. पण राजधानीपासून जाऊन-येऊन ट्रकांच्या हमरस्त्यावर अख्खा दिवस जातो. आठवडाभर जास्त असता तर किरिग्वा आणि कोपान दोन्ही जोडून करा म्हटलं असतं. तुमच्याकडच्या दिवसांत मी आता माझा हट्ट मागे घेतो आणि तिकालला एक रात्र उद्यानाच्या आत राहा असं सुचवतो. संध्याकाळी गर्दीच्या गाड्या निघून गेल्यावर चौकात तुम्ही आणि तुमची वही.

पहिल्या मंदिराखाली तिकालचा राजा हासाव चान काविल पुरलेला होता. त्यानेच ६९५ मध्ये कालाकमुल या वैरी शहराचा पराभव केला. तेवढं पान वर ठेवा.

रानवाटा

मास्तर विरघळले! तारीख नोंदवून ठेवा रे.

उद्यानातल्या हॉटेलांत वीज ठरावीक तासच असते, फोन आधी चार्ज करा. आणि चौथ्या मंदिरावरून सूर्योदय बघायला म्हणून वेगळं तिकीट काढतात, पण डिसेंबरात बहुतेक वेळा नुसतं धुकं. ते पैसे वाचवून याश्हाला सूर्यास्त बघा. २१६ नंबरच्या मंदिरावरून खाली तळं, पलीकडे जंगल. तिकडे जायला शेवटचा तुकडा कच्चा रस्ता आहे, परतताना अंधार पडतो, चालक ठरलेलाच हवा.

अनुजा_ह्यूस्टन

तर नवा आराखडा:

२० – राजधानीत रात्र
२१ – सकाळचं विमान, फ्लोरेस, आराम
२२ – तिकाल, रात्र उद्यानात
२३ – सकाळी परत तिकाल, संध्याकाळी याश्हा, रात्र फ्लोरेस
२४ – विमान, आंतिग्वा
२५ – आंतिग्वा
२६ – पानाहाचेल
२७ – सकाळी चिची
२८ – बोटीने सान हुआन आणि सांतियागो
२९ – राजधानी, ३० ला घरी

कोपान, किरिग्वा बाबांनी स्वतःच खोडले. आंतिग्वात २५ ला काही उघडं असतं का? आणि यात अकातेनांगो कुठे बसतो, नवरा पाठीमागे उभा राहून विचारतोय.

सह्यमित्र

बसत नाही. २५ ला चढला तर २६ ला दुपारी उतरेल, पाय लाकडाचे झालेले, आणि तुम्ही सगळे सामान घेऊन त्याची वाट बघत गाडीत. सेर्रो दे ला क्रूसच्या टेकडीवरून २५ ला संध्याकाळी फुएगोचा धूर बघून समाधान मानावं. किंवा त्याला एकट्याला पुन्हा पाठवा.

भटकभवानी

२५ ला संग्रहालयं, दुकानं बरीच बंद, पण आंतिग्वाला त्याने बिघडत नाही. तिथे रस्तेच बघायचे. राजधानी म्हणून १५४३ मध्ये वसलं, १७७३ च्या भूकंपांनी खिळखिळं झालं, तीन वर्षांनी दरबार आजच्या ग्वातेमाला सिटीला हलवला. पडलेली चर्चं तशीच राहिली, छप्पर नाही, कमानींतून आभाळ. ती पिवळी कमान फोटोत सगळ्यांनी पाहिलेली असते. जोगिणींना रस्ता ओलांडताना कुणी बघू नये म्हणून वरून बंदिस्त वाट केली होती. ला मेर्सेद चर्चच्या भिंती जाडजूड आणि बुटक्या का, ते भूकंपांची यादी वाचल्यावर कळतं.

२४ च्या मध्यरात्री फटाक्यांनी अख्खं गाव दणाणतं, आईंना कापूस द्या कानात. दगडी रस्ते अगदी ओबडधोबड आहेत, चांगले बूट हवेत.

चिचीत रविवारी दहाच्या आत पोचा. सांतो तोमास चर्चच्या पायऱ्यांवर डबे हलवत कोपालची धुरी देतात, मधल्या पायऱ्या त्यांच्या, आपण बाजूच्या दाराने आत जायचं. आत फोटो काढायचे नाहीत. काकांना सांगा, पोपोल वुह, म्हणजे किचे मायांचा पुराणग्रंथ, ज्या हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावच्या पाद्र्याने, फ्रान्सिस्को हिमेनेसने, उतरवलं.

बे_एरियाचा_बाब्या

चियापासची तिकिटं काढली. पिंपळपान, भवानीताई, धन्यवाद. परत आलो की धागा काढतो.

उंडगा

परत आलास की काढ, तू परत येणं महत्त्वाचं. आय-९४ छापून ने.

निवांत_जोशी

अनुजा, २८ तारखेचं एक. तळ्यावर दुपारी शोकोमिल नावाचा वारा सुटतो आणि लाटा उठतात. गावं सकाळीच उरका, जेवायच्या वेळेपर्यंत पानाहाचेलला परत. लान्चात चढायच्या आधी भाडं ठरवा. आणि आई-बाबांना मागच्या बाकांवर बसवा. पुढे बसलं की बोट प्रत्येक लाटेवर आपटते, कंबर सरळ व्हायला ह्यूस्टन येतं.